पाझर तलावावरची आमची टोळी

चार टाळकी जमली की बाहत्तरच्या दुष्काळाचं निघतंच. तवा आमी तासगावच्या वरल्या माळावर पाझर तलाव बांधला. माती निघाली त्याच्या दुप्पट किस्से निघालं! मला मातर हसू कमी, घोर जास्त. माझी कोरडी हीर तलावाच्या खालच्या अंगाला. तिला पाणी लागलं तर गावात ऱ्हायचं, न्हाई तर बायकापोरं घिऊन मुंबई!

*

पैल्याच दिशी ओव्हरसियर चुन्याच्या फक्कीनं रेघ मारत हुता. माझं टकुरं सरकलं. फक्कीचं घमेलंच हिसकलं. "थेंब न्हाई तितं तलाव बांधतोयस व्हय?"

त्यो थंडच. म्हनला, "पाटील, पूर आल्यावर बांधू का मग?"

घमेलं परत दिलं!

*

आमचा चुलता आण्णा, मिलिटरीतला रिटायर हवालदार. पाट्या वाहणाऱ्या बायांची लाईन लावून "लेफ्ट राईट!" वरडायचा. एक दिस लाईनीतल्या सोनाकाकूनं भरली पाटी त्येच्याच डोस्क्यावर ठिवली. "आता म्हना लेफ्ट राईट!"

*

खोदताना खड्ड्याच्या मधी मूळ जमिनीचा खुंट सोडायचा. खुंट जेवढा उंच, तेवढं काम धरायचं, तेवढी मजुरी. आमच्या टोळीतल्या नामानं खुंटावर माती थापली आन वर पाण्याच्या रांजणाजवळची हिरवळ चिकटवली!

ओव्हरसियर टेप घिऊन मोजाय आला. "बैलाला काडी नाही, अन् हा खुंट हिरवागार?"

"जमीन लय चांगली, सायेब!"

"मग खोदतोस कशाला? पेर की!"

*

बांधाच्या पोटात काळी माती दाबून भरायची, न्हाईतर पाणी गळतं. रोलर काय येईना. मग नामानं हलगी काढली, आमी लेझीम. आठ दिस नाचून माती तुडवली! सगळं झाल्यावर रोलर आला. ड्रायव्हर म्हनतो, "आता मी काय करू?"

आण्णा म्हनला, "हलगी वाजीव!"

*

फुडल्या पावसात तलाव भरला. माझी हीर मातर ठणठणीत. दसरा गेला तरी थेंब न्हाई. मी ट्रंक भराय घेतली.

आण्णाला ऊन सोसंना, म्हनून दुपारचा हिरीच्या तळाला घोंगडं टाकून झोपायचा. एक दिस तितनंच शिव्या! "माझ्यावर तांब्या कुणी वतला रं?" पायऱ्या चढून वर आला, पाठ भिजल्याली. आळ माझ्यावरच!

मी बी तापलो. "दावतो तुमाला कोन वततंय!" म्हनून तरातरा खाली उतरलो. पाय टाकला, तर वहाणा भिजल्या. खडकाच्या चिरेतनं बारीक धार लागल्याली.

वरनं आण्णा, "आरं, माझं घोंगडं तरी वर आन!"

"न्हाई आनत, आण्णा! तितंच भिजू दे!"