पिशवी घेऊन हॉटेलात जाणारे साडू

आमच्या साडूंइतकं बाहेर खाणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकं हॉटेलचं न खाणाराही नसेल. ही दोन्ही विधानं मी जबाबदारीनं करतो, कारण गेली वीसेक वर्षं बहुतेक रविवारी मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलेलो आहे. साडू हॉटेलात जातात तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी असते. पिशवीत कोंबडा असतो. शिवाय घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल, कांदे, लसूण, घरी भाजून कुटलेला मसाला आणि वर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. हॉटेलनं विस्तव, भांडं आणि मीठ द्यायचं. मिठाबद्दलही ते पूर्ण समाधानी आहेत असं नाही.

आमच्या भागातल्या ढाब्यांवर हे चालतं. आपला कोंबडा न्यायचा, ढाबेवाला तो बनवून देतो आणि फक्त बनवायचे पैसे घेतो. लोक पाहुणे आले की वर्षातून दोन-चारदा असं करतात. साडूंनी त्याची जीवनपद्धती केली. कारण घरगुती आहे. त्यांची बायको ही माझ्या बायकोची मोठी बहीण. आम्ही दोघंही त्यांना ताई म्हणतो. ताईंच्या गळ्यात माळ आहे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. लग्नानंतर साडूंनी एकदाच विषय काढला होता. ताई म्हणाल्या, "खा ना. मी कुठी नाई म्हणते? फक्त घराच्या बाहेर." साडू तेव्हा औष्णिक वीज केंद्रात नोकरीला, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे; नियम लेखी असो की तोंडी, तो पाळणारे. ते बाहेर गेले.

कोंबडा जिवंतच न्यायचा, हा त्यांचा कटाक्ष. "बनवणाऱ्यानं त्याले चालताना पाह्यलं पाहिजे," ते म्हणतात. "मंग त्याले समजते किती शिजवाचं." एकदा स्कूटर बंद पडली म्हणून आम्ही एसटीनं निघालो. पिशवीतून वर आलेलं डोकं पाहून कंडक्टरनं विचारलं, "हे काय आहे?" "जेवण," साडू म्हणाले. कंडक्टरनं थोडा विचार केला आणि अर्धं तिकीट फाडलं. साडूंनी ते विनातक्रार घेतलं. येताना लागलं नाही.

माजरीच्या रस्त्यावर शब्बीरभाईंचा ढाबा आहे. तो त्यांचा सर्वांत आवडता. आवडता म्हणजे तिथं त्यांना चुलीपर्यंत जाऊ देतात. मी बाहेर बाजेवर कांद्याची ताटली घेऊन बसतो आणि आतलं संभाषण ऐकतो.

"साडूसाब, ये ढाबा मेरा है ना?"

"तुमचाच आहे. मी कुठी नेऊन राह्यलो? झाकण ठेवा."

"रख दिया."

"मी म्हनल्यावर ठेवा न भाऊ. आता काढा."

थोड्या वेळानं शब्बीरभाई कपाळ पुसत बाहेर येतात आणि मला म्हणतात, "भाऊ, इनको बाहर बिठाओ, मैं आधेच पैसे लेता." मी तसा प्रयत्न दोनदा केलेला आहे. पण पहिला घास साडूंनी घेतल्याशिवाय शब्बीरभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत नाहीत, हेही मी पाहिलेलं आहे. साडू चावतात, वर पाहतात आणि "बरं आहे" म्हणतात. याच्या वरचा शेरा मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

शाकाहारी जेवणाबाबतही त्यांची भूमिका बदलत नाही. ताडोबा पाहायला आलेल्या पाहुण्यांबरोबर आम्ही मोहर्लीला एका रिसॉर्टमध्ये जेवायला गेलो, तेव्हा पिशवीत चार वांगी होती. दारातच पाटी होती: बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे. टाय लावलेल्या मॅनेजरनं नम्रपणे पाटीकडे बोट केलं.

"वाचलं मी," साडू म्हणाले. "हे खाद्यपदार्थ कुठी आहे? हे वांगं आहे. खाद्यपदार्थ तुमी करान."

मॅनेजरनं मालकाला फोन लावला. मालकानं काय सांगितलं ते कळलं नाही, पण वांगी भाजली गेली. शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या कुटुंबानं भरताचा वास घेऊन तेच मागवलं. ते मेनूत नाही, असं मॅनेजरला सांगावं लागलं. मग साडूंनीच त्यांना प्रत्येकी दोन चमचे वाढलं आणि वरून कच्चं तेल घ्यायची सूचना केली.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, पिंकी, कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या सॅन डिएगोला राहते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. आईबाबांनी बाळंतपणाला यावं आणि सहा महिने राहावं, असं तिचं म्हणणं होतं. ताई एकट्या नागपूरच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत. दोन विमानं बदलून जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणजे साडू गेले तरच ताई जाणार. आणि साडू नाही म्हणाले.

"बाबा, इथी समुद्राच्या काठानं हॉटेलांची रांग आहे," पिंकी फोनवर सांगायची. "माझ्या आवडीचीच किती तरी आहेत. रोज एकीकडे नेते तुमाले."

"हॉटेलं असतीन. बनवून देते काय कोणी?"

"तिथलं चांगलं असते बाबा."

"असन. पण त्यात काय आहे हे मले कसं माहीत राहीन?"

मला मध्यस्थीला पाठवण्यात आलं. सहा महिन्यांचे सव्वीस रविवार, आणि त्यासाठी आयुष्यातलं पहिलं नातवंड सोडायचं, हे प्रमाण मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तुमचा हिशोब बरोबर आहे साडूभाऊ," ते म्हणाले. "मी त्यात बसून नाई राह्यलो." ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःची बॅग भरली आणि बैठकीत, येण्याजाण्याच्या वाटेत बरोबर मधे आणून ठेवली. साडू तिला वळसा घालून जात. एकदा ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरीचं पहिलंच आहे. जवळ कोणीच नाई तिच्या." साडू तिथंच बसले होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

सातवा महिना संपत आला. एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे असताना पिंकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. पिंकी कुठल्याशा स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्या शेजारी ॲप्रन बांधलेली एक म्हातारी मेक्सिकन बाई होती.

"बाबा, हे बंदरावरचं हॉटेल आहे. बोटीवर जाऊन लोक मासे धरून आणतात, आणि ही बाई ते बनवून देते. कोंबडा आणला तरी बनवीन म्हणते. पण जिवंत नाई चालणार."

साडूंनी चष्मा लावला. "तिले म्हण, कढई दाखव."

बाईंनी कढई कॅमेऱ्यासमोर धरली. साडूंनी ती पुरती न्याहाळली. "बूड जाड आहे," ते म्हणाले. "तेल आपलं चालन काय? विचार."

पिंकीनं विचारलं. बाई हसल्या आणि बरंच काही बोलल्या. "तेल आणा म्हणते," पिंकीनं सांगितलं, "पण तुमी स्वयंपाकघरात पाय ठेवाचा नाई."

ताई वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला. हा नियम साडूंना आजवर कोणी घातलेला नव्हता. तेवढ्यात पडद्यावर पिंकी एका पालथ्या खोक्यावर टेकली. एक हात कमरेवर. त्या बाईंनी लगबगीनं तिला पाणी दिलं.

"तू काऊन बसली?" साडूंनी विचारलं.

"थकली बाबा. सकाळपासून फिरून राह्यली. हे अकरावं हॉटेल आहे."

साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही. "मी कशाले पाय ठेवतो तिथी," ते म्हणाले. "तिकीट काढ."

बाळंतपण वेळेवर, सुखरूप झालं. मुलगी आहे. पिंकी सांगते की त्या दिवशी बाबा दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसून होते, आणि जावयानं मशीनमधून काढून आणलेलं सँडविच त्यांनी दाराकडे पाहत संपवलं. त्यात काय होतं, हे मी त्यांना परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"कोण जाणे," साडू म्हणाले. "थंडं होतं."

"आणि बंदरावरच्या त्या बाईंकडे गेले होते का?"

"जायाचं आहे. टाइमच नाई भेटून राह्यला साडूभाऊ." मग आवाज एकदम खाली आला. "थांबा. उठली ती. दाखवतो तुमाले."

त्यांनी फोन कुठंतरी उताणा ठेवला आणि ते गेले. पडद्यावर पांढरं छत दिसू लागलं. दूरवर ते कोणाशी तरी बोलत होते, अगदी हळू. शब्द कळत नव्हते. फोन चालू आहे हे ते विसरले असावेत. मी कॉल बंद करायला बोट पुढं केलं, तर बायकोनं माझा हात धरला. मग आम्ही दोघं बराच वेळ ते छत पाहत बसलो.