अण्णांचा उजवा हात

आमच्या ओसरीवर चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणणारच, "बने, तो अण्णांचा होडीचा किस्सा सांग ना!" होडीचा झाला की गुंडोपंतांच्या भाल्याचा. भाल्याचा झाला की डाव्या हाताचा. हे किस्से मी गोळा केलेले नाहीत. रत्नागिरीच्या लोकांनीच ते एकेक करून आमच्या दारात आणून टाकले. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र सांगता सांगता संताप येतो. आता एकदाचे लिहूनच टाकते. कागदावर तरी कुणी मध्येच हसून माझं वाक्य तोडणार नाही!

अण्णा म्हणजे माझे वडील. सिनेमात कामं करतात. लगेच "नायकाची का?" असं विचारू नका. नायकाला विष पाजणारा मामा, सुनेला छळणारा सासरा, फितूर कोतवाल, लबाड पुजारी, अशी कामं. पोस्टरवर नायक-नायिकेची नावं हातभर अक्षरांत असतात आणि तळाला बारीक 'वगैरे' असतं. माझे वडील गेली बारा वर्षं त्या 'वगैरे'त आहेत.

मी पुण्याहून बी. ए. होऊन आले आणि इथल्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज सहा महिने कमिटीपुढे पडून राहिला. शेवटी सेक्रेटरींनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीबद्दल काही म्हणणं नाही हो. पण वडील..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

लोक ज्या किस्स्यांना हसत होते ना, त्यांच्यापायीच माझी नोकरी अडली होती!

*

अण्णा कोल्हापूरला जाण्याआधी मुंबईच्या एका कंपनीत होते. एकदा शिमग्याला आगबोटीनं घरी येत होते. आगबोट खोल पाण्यात उभी राहते आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, धक्क्यावर येतात. अण्णा शिडी उतरून पडावात पाऊल टाकणार, तोच पडाव हाकणारा तांडेल ओरडला, "तुम्ही नाय! तुम्ही वरच ऱ्हावा!"

"का रे बाबा?"

"सिनेमात व्हडीला भोक पाडलंत ते इसरलो नाय मी! बायापोरांसकट बुडवलीत!"

अण्णांनी हात जोडले. ती होडी कंपनीच्या हौदात होती, पाणी गुडघाभर होतं, बुडालेल्या बायका नंतर बसून भजी खात होत्या, सगळं सांगितलं.

तांडेल म्हणाला, "गुडघाभर पाण्यात बुडवलीत? मग हितं तर दर्या हाय!"

अखेर इतर उतारूंनी रदबदली केली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसायच्या अटीवर अण्णांना पडावात घेतलं. मी आणि आई धक्क्यावर उभ्या होतो. सगळ्या बंदरादेखत माझे वडील चोर पकडून आणावा तसे आले. आई म्हणाली, "अहो, आता तरी हात खाली घ्या!"

अण्णा म्हणाले, "थांब, तो बघतोय."

*

गुंडोपंत अण्णांचे कंपनीतले दोस्त. दर वैशाखात आमच्याकडे आंबे खायला येतात. हे सिनेमात पहारेकरी. राजवाड्याच्या दारात भाला घेऊन उभं राहायचं. वीसेक मूकपटांत त्यांनी पापणीसुद्धा हलवली नव्हती.

मग बोलपट आले. डायरेक्टरनी त्यांना एक वाक्य दिलं, "महाराज, शत्रू वेशीत शिरला!" गुंडोपंतांनी ते आमच्या विहिरीवर बसून आठ दिवस पाठ केलं. खालच्या आवाजात, वरच्या आवाजात, धापा टाकत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली कळशी विहिरीत पडली होती!

शूटिंगच्या दिवशी नायकानं राजाचं भाषण एवढं लांबवलं की रीळ संपलं. दुसऱ्या दिवशी डायरेक्टर म्हणाले, शत्रू शिरलाय हे दिसतंच आहे, सांगायला कशाला हवं? झालं. वाक्य कापलं!

गुंडोपंत हे बाठा चोखत, हसत सांगत होते. माझी मात्र कानशिलं तापली. "आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बोललो की."

"काय?"

"म्हटलं, भाला कुठे ठेवू?"

*

त्याच कंपनीत यमुनाबाई होत्या. वय सत्तावीस. चाळिशीच्या नायकाच्या आईचं काम! केसांना पीठ लावून बसवायचे त्यांना. एकदा नायक 'आई!' म्हणून त्यांच्या पायाशी वाकला आणि त्याची कंबर धरली. उठताच येईना. यमुनाबाईंनी काखेत हात घालून त्याला उचलला, उभा केला, वर सावरून धरला. डायरेक्टर खूष. "वा! काय वात्सल्य!"

दुसऱ्या दिवशी पेपरवाले आले, त्यांनी नायकाला विचारलं, "हा प्रसंग आपल्याला कसा सुचला?"

आणि त्यानं सांगितलं, कसा सुचला ते!

*

आता माझा स्वतःचा गुन्हा. हा कमिटीला माहीत नव्हता म्हणून बरं.

कॉलेजच्या सुटीत मी अण्णांबरोबर कोल्हापूरला शूटिंग पाहायला गेले होते. प्रसंग असा की अण्णा लाथ मारून दार फोडतात आणि आत नायिका किंचाळते. बाईंची किंकाळी काही जमेना. तीनदा चिमणीसारखी चिवचिवली. अण्णांनी मला बजावलं होतं, "बने, मोठा आवाज होईल हं. घाबरू नकोस. दार पुठ्ठ्याचं आहे." मी तीन वेळा पाहिलंही होतं. तरी चौथ्या वेळी दार फुटलं आणि मी जी ओरडले!

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मी ध्वनियंत्राच्या पेटीमागे जाऊन दडले. डायरेक्टर म्हणाले, "कोण ओरडलं ते विचारू नका. ठेवा तीच!"

पुढे पेपरात नायिकेच्या 'काळीज चिरणाऱ्या किंकाळी'बद्दल चार ओळी छापून आल्या. चित्रपट रत्नागिरीला आला तेव्हा शेजारच्या बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "काय ओरडली गो बाई!" मी मान खाली घालून बसले होते. आई पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "तेव्हा सर्दी झाली होती का गो तुला?"

*

आता डाव्या हाताचं. इथं मात्र मला खरोखर राग गिळत लिहावं लागतंय.

आमच्याकडे सिनेमा तंबूत यायचा. तंबूच्या मधोमध पातळ कापडाचा पडदा. त्यावर पाणी मारून तो ओला केला की चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. पुढच्या बाजूला पुरुष आणि मागच्या बाजूला बायका! म्हणजे पुरुषांना चित्र सरळ दिसायचं आणि आम्हाला उलटं. मूकपटांच्या काळात त्यावरच्या संवादांच्या पाट्यांची अक्षरंसुद्धा आम्हाला उलटी दिसायची. मी नऊ-दहा वर्षांची. सगळ्या बायकांत मलाच ती वाचता येऊ लागली. अण्णांच्या तोंडची धमकी मी मोठ्यानं वाचायचे आणि वाचता वाचता स्वतःच दचकायचे. सवयच झाली. एकदा शाळेत पाटीवर एक अख्खी ओळ उलटी लिहिली. मास्तर ओरडले, "हे काय?"

मी रडत म्हटलं, "बायकांच्या बाजूचं मराठी!"

हे हसण्यासारखं आहे, कबूल. पुढचं नाही. एका चित्रपटात अण्णा लबाड पुजारी होते. विषारी तीर्थ देतात. दिलं उजव्याच हातानं, कॅमेऱ्यासमोर, मी कोल्हापुरात डोळ्यांनी पाहिलेलं. पण तंबूत मागून डावा दिसला! दुसऱ्या दिवसापासून रत्नागिरीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या तोंडी एकच, बनीचा बाप डावरा! पुरुष म्हणायचे उजवा. घराघरांत भांडणं लागली. शेजारच्या गोदाक्का आईला म्हणाल्या, "डाव्या हातानं तीर्थ दिलान गो! मी बघितलं!" आमच्या आळीत सत्यनारायणाला अण्णांना बोलावणं बंद झालं. बोलावलंच तर प्रसाद त्यांच्या हातून वाटायचा नाही.

मी विचारायचे, मग नायक कसा डावरा दिसला नाही तुम्हाला? तोही त्याच पडद्यावर होता! पण नायक करतो काय? छातीवर हात ठेवून गातो. विष कालवायचं, कडी घालायची, थप्पड मारायची, दिवा विझवायचा, हाताची सगळी कामं माझ्या बापाकडे! काम करणाऱ्याचाच हात दिसतो.

*

एका हळदीकुंकवाला मी आरसाच घेऊन गेले. सगळ्या बायका बसल्या होत्या. कमिटीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नीही होत्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणतात आणि कमिटीत जे ठरतं ते त्यांच्या स्वयंपाकघरात आधी ठरतं.

मी आरशासमोर उजव्या हातानं कुंकवाची कोयरी उचलली. "बघा. आरशात कुठला हात दिसतो? डावा ना? पडद्याच्या मागून तसंच होतं." आरसा मी सगळ्यांकडे फिरवला.

सगळ्या पुढे सरकून बघू लागल्या. क्षणभर वाटलं, जिंकले!

गोदाक्कांनी आरसा हातात घेतला, स्वतःचं कुंकू नीट केलं आणि म्हणाल्या, "आरशात काय दुसरीच बाई दिसते होय? मीच दिसते. मग पडद्यावरचा पण तोच!"

वहिनीसाहेब म्हणाल्या, "कॉलेजात हेच शिकवतात का गो?"

अर्ज पुढे आणखी दोन महिने हलला नाही.

*

अखेर निरोप आला, वडिलांना घेऊन रावसाहेबांच्या घरी या. अण्णा मुद्दाम कोल्हापूरहून आले. निघताना आई त्यांना म्हणाली, "तिथं जे देतील ते उजव्या हातानं घ्या हं."

"अगं, मी जन्मभर उजव्यानंच घेतोय!"

"तरी."

बैठकीत रावसाहेब, सेक्रेटरी आणि आम्ही दोघं. आतल्या दाराला पडदा. पडद्यामागे बांगड्या वाजत होत्या. रावसाहेब खाकरले. "त्याचं असं आहे, मुली लहान असतात. बाईंचं बघून गिरवतात. आता घराण्यातच जर डावरेपण असेल..."

"मी उजव्या हातानं लिहिते!" मी म्हटलं.

"तुम्ही लिहिता हो. पण वळण घरचंच."

पोह्यांच्या बश्या आल्या. अण्णांनी उजव्या हातानं बशी घेतली, उजव्या हातानं चमचा धरला. सगळे माझ्या बापाचा घास बघत होते! बाहेरून आणि पडद्याच्या आतून. बारा वर्षं कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस, त्याच्या कपाळावर घाम आला. त्यांनी शेवटचा पोहा वेचून खाल्ला, उजव्या हातानं पाणी घेतलं, उजव्या हातानं मिशी पुसली. मी श्वास सोडला.

तेवढ्यात पडद्यामागून गोदाक्कांची कुजबुज आली, चांगली ऐकू येईल एवढी. "अगो, नट तो! एवढं जमायचंच त्याला!"

मग मला काय झालं, मला माहीत नाही. कुणी शिंकलं तरी दचकणारी मी, उभी राहिले आणि ओरडले, "माझे वडील उजवे आहेत! तुम्ही उलट्या बाजूला बसता! बारा वर्षं उलट्या बाजूला बसून माझ्या बापाला नावं ठेवता!"

सेक्रेटरींच्या हातातली कपबशी खळकन फुटली आणि त्या आवाजानं मीच किंचाळले. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. गेली.

पडदा सरकला. वहिनीसाहेब स्वतः बाहेर आल्या, पुरुषांच्या बैठकीत. सगळे उठून उभे राहिले. त्यांनी अण्णांची रिकामी बशी बघितली, मग अण्णांकडे बघितलं.

"अख्खी बशी उजव्या हातानं," त्या म्हणाल्या. "एक पोहा सांडला नाही. लेकीसाठी बापानं एवढं करायचं! इतकं चोख काम मी आजवर कुणा नटाचं बघितलं नाही." मग रावसाहेबांकडे वळून, "सोमवारपासून येऊ दे तिला."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्या पायावर पाय दाबला. रत्नागिरीत त्यांच्या कामाला कुणी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी हात जोडले, मान लववली. डोळे ओले झाले होते त्यांचे, आणि ते काही नाटक नव्हतं, मला माहीत आहे.

निघताना वहिनीसाहेबांनी सुपारीचं तबक पुढे केलं. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वहिनीसाहेबांकडे. आणि डावा हात पुढे करून सुपारी घेतली.

पडद्यामागून गोदाक्का हळहळल्या, "बघितलंत? दमला गो बिचारा!"