आईच्या तोंडातला मणी

आई गेली तेव्हा बाबांनी तिच्या मंगळसूत्रातला एक सोन्याचा मणी काढला आणि तुळशीच्या पानाबरोबर तिच्या तोंडात ठेवला. आमच्यात तसं करतात. मी तिचं डोकं धरलं होतं. मला रडू आलं नाही, आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा शेजारणींनाच जास्त.

तेरावं झाल्यावर मी ठरवलं, मंगळसूत्राच्या वाट्या आटवून माझ्या मुलीला कानातलं करायचं. बाबा म्हणाले, "राहू दे ना तसंच." मी ऐकलं नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं. आमच्या बेलवलीहून सरळ उल्हासनगरला गेले.

सिंधी सोनाराने वाटी काळ्या दगडावर घासली. पिवळी रेघ उठली, चांगली ठसठशीत. तिच्यावर त्याने तेजाबाचा थेंब सोडला. सोन्याची रेघ टिकते, एवढं मलाही माहीत होतं. ही हिरवट फेसाळली आणि गेली. त्याने दुसरी वाटी घासली. तीही गेली.

"दीदी, ये तो फॉर्मिंग का है," तो म्हणाला. म्हणजे वर सोन्याचं पाणी, आत पितळ. लग्नसराईत आम्ही बायका सर्रास घालतो ते. तो बिचारा असा ओशाळला, जसं काही त्यानेच ते घडवलं होतं.

मी म्हटलं, "मणी भी देखो."

मणीही पितळेचेच निघाले. म्हणजे आईच्या तोंडात आम्ही पितळ ठेवलं होतं. राग यायला हवा होता. मी पुडी पर्समध्ये टाकली आणि निघाले. बाबांना काय सांगायचं ते रिक्षात घोकत होते. बावीस कॅरेट सांगायचं, बस.

दार उघडताच बाबाच म्हणाले, "खोटं निघालं ना?"

मी पर्समधली पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा मोडलं मी. पॉलिशला नेतो सांगून हुबेहूब दुसरं गाठवून आणलं. तिला कधी बोललो नाही. त्या दिवशी मणी ठेवताना वाटलं, आता तरी सांगावं. पण चारचौघांत कसं सांगणार?" मग खाली बघत त्यांनी विचारलं, "तिला कळलं असेल का गं?"

मागे एकदा एका लग्नाला जाताना मी ते मंगळसूत्र मागून घेतलं होतं. गळ्यात घालताना आई म्हणाली होती, "सेंट मारू नकोस, काळं पडेल." आणि आवाज खाली आणून, "बाबांसमोर काही बोलू नको हां." सोनं काळं पडत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "तिला काही माहीत नव्हतं."

"मग तिच्या लेखी ते सोनंच होतं," बाबा म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मी शेजारी बसून राहिले.