डाव्या हाताचे ठिपके

मंदाच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या घरी दाढी करत होतो. "काका, मंदामावशी पहाटे गेली," एवढंच ती बोलली. मी तोंडाला साबण तसाच ठेवून खुर्चीत बसून राहिलो... किती वेळ ते आठवत नाही. साबण वाळून गाल ओढायला लागले तेव्हा उठलो. त्याला आता सात आठवडे झाले. मंदा पेडणेकर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती आकडेवारीचं काम करायची आणि मी, वसंत सावंत, तिथेच ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. पण दहाही बोटं शाबूत ठेवून निवृत्त झालेली काही माणसं आज या उपनगरांत आहेत, ती तिच्यामुळे. त्यांतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊकही नाही. म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मंदा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरच्या दोन खोल्यांत घरीच असायचे. आमच्या कारखान्यात पत्र्याच्या लहानमोठ्या वस्तू बनायच्या आणि त्यांतल्या किती नापास झाल्या याचा तक्ता करणं हे तिचं काम. तिसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुझा एक आणि सात सारखाच दिसतो रे. माझे सगळे तक्ते चुकले ना त्यामुळे." ही आमची ओळख. पुढे चाळीस वर्षं ती माझ्याशी याच सुरात बोलत आली आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

एकदा डोकं दुखतं म्हणून ती प्रथमोपचाराच्या खोलीत गेली. कंपाउंडर गोळी शोधेपर्यंत समोरची जाड वही चाळत बसली. त्या वहीत कारखान्यातल्या प्रत्येक जखमेची नोंद होती: कोण, कुठल्या मशीनवर, कुठलं काम करताना, कुठला अवयव. कंपाउंडर प्रत्येक नोंद इमानाने करायचा, पण ती वही एकत्र कुणी वाचलीच नव्हती. पुढचे कित्येक महिने मंदाने जेवणाची सुट्टी त्या खोलीत काढली. डबा एका हाताला, वही दुसऱ्या हाताला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

बहुतेक जखमा प्रेस खात्यातल्या होत्या. प्रेस म्हणजे पत्र्यावर ठोका मारून त्याला आकार देणारं यंत्र. कामगार उजव्या हाताने पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवतो, पायाने पेडल दाबतो, वरून ठोका पडतो, आणि डाव्या हाताने तयार वस्तू काढून घेतो. दिवसभर हेच. बोटं जायची ती इथे. साहेब लोक म्हणायचे, नवी पोरं निष्काळजी आहेत. युनियनचे भोईरभाऊ म्हणायचे, मशीन म्हातारी झालीत. दोघांचीही वर्षानुवर्षं तीच वाक्यं. मंदा काही शोधतेय हे कळल्यावर दोघांनाही वाटलं, आकडे आपल्या बाजूने बोलणार.

पहिली बैठक मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मंदाने तीस पानांचा अहवाल सायक्लोस्टाईल करून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवला होता. इस्त्रीची साडी, हातात पट्टी. पहिल्या पानापासून सुरुवात केली. नोंदी कुठून घेतल्या, वर्गवारी कशी केली, कुठल्या रकान्यात काय... एकही शब्द चुकीचा नव्हता. चौथ्या पानावर चहा आला. सहाव्या पानावर वर्क्स मॅनेजरांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "मिस पेडणेकर, थोडक्यात काय?"

"सर, ते अकराव्या तक्त्यात आहे," ती म्हणाली. सगळे पानं उलटायला लागले. कुणी नवव्यावर, कुणी तेराव्यावर.

भोईरभाऊंनी विचारलं, "पोरी, मशीन जुनी आहेत असं लिहिलंयस की नाही?"

"तसं सरसकट म्हणता येणार नाही, भाऊ. त्याचं असं आहे..." आणि ती पुन्हा सातव्या पानावर गेली. पंधरा मिनिटांत बैठक संपली. अहवाल अभ्यासासाठी ठेवून घेतला गेला, म्हणजे कपाटात गेला. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "कसं झालं रे?" तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "झकास." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात स्वस्त खोटं. मला ते अजून टोचतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काशिनाथची दोन बोटं गेली. काशिनाथ वेसाव्याचा कोळी. घरची होडी भावाकडे, आणि हा एकटा कारखान्यात. पंधरा वर्षं प्रेसवर, खात्यातला सगळ्यात सावध माणूस. टॉर्चच्या मागच्या टोप्या काढताना ठोका पडला. त्याला हॉस्पिटलात नेल्यावर मंदा माझ्या टेबलाशी आली, अहवालाची प्रत उघडली आणि अकराव्या तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "बघ. हेच काम. हाच हात. हीच बोटं. सगळं लिहिलंय मी इथे." मग तिने अहवाल मिटला. "आकडे बरोबर होते, वसंत. मी सांगितलं चुकीचं... आणि तू झकास म्हणालास रे." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात तिने घरी वडिलांना समोर बसवून तो अहवाल पुन्हा वाचून दाखवला. चौथी शिकलेला माणूस. दोन पानं ऐकून ते म्हणाले, "चेडवा, खंयचो हात जाता आणि कित्याक, ता सांग माका. बाकीचा तुझ्या सायबाक सांग." मंदाने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. "कुठला हात जातो आणि का, तीस पानांत मी हेच सांगितलं नाही," म्हणाली.

दोनेक महिन्यांनी काशिनाथ कामावर आला. त्याला हलकं काम दिलं होतं. मंदा पुन्हा बैठक मिळवायच्या खटपटीत होती. तिच्या मनात आलं, काशिनाथ समोर बसला, त्याचा हात सगळ्यांना दिसला, तर कुणाला घड्याळ बघवणार नाही. ती त्याला विचारायला गेली. तो शांतपणे म्हणाला, "बाई, माजा हात काय जत्रेतला खेळ हाय? दाखवायला?"

ती परत आली ती डोळे लाल करूनच. माझ्यासमोर स्टुलावर बसली. "मी त्याचा हात वापरायला निघाले होते रे. लाज वाटली मला." मग म्हणाली, "तुला हात काढता येतात?"

"माणसांचे? मी साच्यांचे नकाशे काढतो गं."

"काढ. दोन पंजे. मोठे. कुणाचेच वाटणार नाहीत असे."

आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर मी दोन पंजे काढले, नुसती बाह्यरेषा. मंदाने वही समोर घेतली आणि लाल शाईने एकेका जखमेचा एकेक ठिपका द्यायला लागली, जिथे लागलं असेल नेमकं त्याच पेरावर. मी नोंद वाचायची, तिने ठिपका द्यायचा. अर्ध्या वहीनंतर मी वाचायचा थांबलो. उजवा पंजा जवळजवळ कोरा होता. डाव्याच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं टोक लालभडक झालं होतं. "तुला माहीतच होतं ना हे?" मी विचारलं. ती म्हणाली, "माहीत होतं. दिसलं आत्ता."

मग तिने सराव सुरू केला. कंपाउंडरसमोर, कँटीनमधल्या बायकांसमोर, माझ्यासमोर तर कितीदा. तिचा नियम साधा होता. ज्या वाक्याला ऐकणारा दुसरीकडे बघतो ते वाक्य काढून टाकायचं. तीस पानं पिशवीत राहिली. "विचारलं तर काढीन. नाही विचारलं तर ते ओझं माझं." शिवाय ती आधी वर्क्स मॅनेजरांना भेटली, मग भोईरभाऊंना, वेगवेगळी. दोघांनाही सांगून आली की आकडे तुमच्या बाजूने नाहीत आणि समोरच्यांच्याही नाहीत. चारचौघांत कुणाला हरल्यासारखं वाटलं की तो ऐकायचं बंद करतो, असं तिचं म्हणणं. हे शहाणपण तिला पंचविशीत कुठून आलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या बैठकीत तिने भिंतीवर तो कागद लावला आणि बाजूला उभी राहिली. काही बोललीच नाही. मला वाटलं, वाट लागली, ही विसरली. अर्धं मिनिट गेलं असेल. वर्क्स मॅनेजरांनी चष्मा लावला, खुर्चीतून उठले आणि कागदाजवळ गेले.

"हे सगळं डाव्याच हाताला?"

"हो सर."

"का?"

याच प्रश्नासाठी ती थांबली होती. "निष्काळजीपणा हात बघून येत नाही, सर. नवा माणूस असो की पंधरा वर्षांचा, हाच हात. भाऊ, जुनं मशीन असो की नवं, हाच हात. टोप्यांसारख्या लहान वस्तू साच्यात अडकतात. त्या डाव्या बोटांनी उचकटून काढाव्या लागतात, आणि तेव्हा पाय पेडलवरच असतो." झालं. एवढंच बोलली ती.

एक तरुण अधिकारी म्हणाला, "पण अडकलेला माल काढताना पाय बाजूला घ्यायचा, असा नियम आहे. फलकावर लिहिलंय तसं."

तेव्हा मागच्या रांगेतून काशिनाथ उठला. युनियनच्या माणसांबरोबर तो येऊन बसला होता, हे मंदालाही माहीत नव्हतं. डावा हात खिशातच ठेवून तो टेबलाशी आला. एक बशी पुढे ओढली, तिच्यात टॉर्चची टोपी ठेवली. "सायेब, हा साचा. ही टोपी अडकली." खाली त्याचा पाय जमिनीवर ठेका धरल्यासारखा पडत होता. "मागं तुकड्यांचा ढीग साचतोय. पुढचा माणूस माज्या मालाची वाट बघतोय. पाय हितंच हाय, सकाळपासनं. आता तुमी सांगा, पाय कदी उचलू?"

वर्क्स मॅनेजर त्या बशीकडे बघत राहिले. मंदाची आणखी तीनचार वाक्यं बाकी होती, मला पाठ होती. ती मुकाट्याने खाली बसली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "शेवट त्याचाच होता रे."

त्याच आठवड्यात टोप्यांचं काम थांबवलं गेलं. टूलरूमने अडकलेला माल ओढून काढायला लांब दांड्याचे हूक बनवले, पेडलवर पत्र्याचं झाकण बसलं म्हणजे पाय मुद्दाम आत घातल्याशिवाय ठोका पडू नये, आणि लहान साच्यांत खालून माल वर ढकलणाऱ्या स्प्रिंगा आल्या. काही महिन्यांनी कंपाउंडर स्वतःची वही घेऊन आमच्याकडे आला. त्याने नुसतं पान उघडून दाखवलं. त्या महिन्यात बोटाची एकही नोंद नव्हती. सगळंच गोड झालं असं नाही. नवी मशीन काही आली नाहीत आणि भोईरभाऊ वर्षभर मंदाशी बोलले नाहीत. बढती तिला मिळाली नाही. कौतुकाचं एक पत्र आलं, त्यात नाव 'मंगला पेडणेकर' होतं. तिने ते मला वाचून दाखवलं आणि पोट धरून हसली.

पुढे कारखाना बंद झाला. मंदा मानखुर्दला आरोग्याच्या पाहणीच्या कामात गेली. तिथे मुलांच्या वजनांचे आकडे ती आधी वस्तीतल्या आयांना समजावून सांगायची, मग अधिकाऱ्यांना. "ज्यांची पोरं, त्यांना आधी कळायला नको?" म्हणायची. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं मुलुंडला भाचीकडे होती.

गेल्या आठवड्यात मी वेसाव्याला गेलो. काशिनाथला सांगायला हवं असं वाटत होतं. कारखाना सुटल्यापासून आमची भेट नव्हती. तो आता ऐंशीच्या घरात, पण ओळख पटायला वेळ लागला नाही. "बाईंचं कळलं मला," तोच म्हणाला. "भाचीनं फोन केलता." मला नवल वाटलं. मंदाच्या भाचीकडे याचा नंबर कसा?

"दर नारळी पुनवेला येतात ना बाई," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मंदा मला हे कधी बोलली नव्हती. काशिनाथ सांगत होता, "पयल्या साली आल्या त्या माफी मागायला. बोलल्या, माज्या कागदात लिवलं होतं, मला सांगता आलं नाय. रडायला लागल्या. मी बोललो, माफी-बिफी नको बाई, सणाचा दिस हाय, जेवून जा. तवापासनं येतात. हितं, चुलीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसतात, आमच्या मंडळीबरोबर नारळ खवतात." त्याच्या बोलण्यात ती अजून येतच होती. मीही ते दुरुस्त केलं नाही.

सण चार दिवसांवर आला होता. आत त्याची सून पितळेची ताटं घासूनपुसून एकावर एक रचत होती. एक ताट हातात घेऊन ती थांबली आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "बाईंचं काढू?"

"काढ," काशिनाथ म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "येशील ना सावंत?"

मी हो म्हणालो.