गांधार थोडा चढवला

“बाई, ही पेटी रडते.” बँडमास्तरांनी भाता मिटला.

बीडच्या जहागीरदारांच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, संध्याकाळी पाहुणे येणार होते. तिथल्या पेट्यांची देखभाल माझ्याकडे. वडिलांमागे पेटीदुरुस्तीचं दुकान मीच चालवते. आज पेटी बेसूर वाजली तर पुढचं काम हैदराबादला जाईल, असं दिवाणांनी सकाळीच ऐकवलं होतं.

“कालच तंबोऱ्यावर मिळवली आहे,” मी म्हणाले.

“तुमच्या तंबोऱ्याचा सा एका जागी बसतो. माझ्या नव्या चिजेत तो घर बदलतो. ऐका.”

मास्तर स्वतः रचना करत. क्लॅरिनेट एक सूर धरी, कॉर्नेट दुसरा, पेटी तिसरा. याला ते हार्मनी म्हणत. त्यांनी पांढरी एक या सुराला सा मानून तीन सूर एकदम दाबले. गोड लागले. मग गांधाराला सा मानून तसेच तीन दाबले. पेटी कण्हली.

तंबोऱ्यावर मिळवलेला गांधार किंचित उतरलेला असतो. त्या एका सा ला तो शोभतो. सा हलला की टोचतो.

“म्हणजे चांगला सूर बिघडवू?”

“सगळेच थोडे थोडे बिघडवा. मग कुठलाच टोचणार नाही.”

पेटीत प्रत्येक सुराची एक पितळी पट्टी असते. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. जास्त खरवडली की तुटते, आणि तशी पट्टी बीडमध्ये मिळत नाही.

देवडीत पेट्या दोन होत्या. एकीला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि दुसरी उघडली. गांधार चढवला, कोमल धैवत उतरवला. खरवडायचं, वाजवायचं, पुन्हा खरवडायचं.

“जल्दी करा, बाई!”

“मास्तर, मला सुराऐवजी तुमचा श्वास ऐकू येतोय. बाहेर बसा.”

संध्याकाळी चीज वाजली. सा फिरला, पेटी कण्हली नाही.

“सगळे निरनिराळं वाजवतायत. चुकले काय?” दिवाणांनी मला हळूच विचारलं.

“तसंच बसवलंय,” मी म्हणाले. जहागीरदार मान डोलवत होते, म्हणून दिवाणांनीही डोलवली.

मग नारायणगडाकडचे बुवा भजनाला बसले. तीच पेटी त्यांच्यापुढे आली. पहिल्याच ओळीला ते थांबले.

“बाई, ह्यो गांधार लई टोचतोय. कावून बिघडवला?”

दिवाणांची मान माझ्याकडे वळली. मी हात न लावलेली पेटी पुढे सरकवली.

बुवांनी सूर लावला. “आता कसं!”

देवडीचं काम माझ्याकडेच राहिलं. तेव्हापासून पेटी उघडण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारते: तुमचा सा बसणारा की फिरणारा?