भाऊच्या काड्यांचं ताट

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अक्कलकुव्याच्या बसस्टँडवर शहाद्याची गाडी शोधत होते. समोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकत होत्या. पानमसाला वेगळा, तंबाखू वेगळी, कारण एकत्र विकायला बंदी आहे. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एक करतं आणि कायदा सुखात राहतो. वहिनी फोनवर रडत होती आणि मी त्या माळांकडे बघत होते. खरं सांगते, मला रडू आलं नाही. त्या माळा ओरबाडून काढाव्यात आणि कुणाच्या तरी गळ्याभोवती आवळाव्यात असं वाटलं. टपरीवाल्याच्या नव्हे, त्या बिचाऱ्याचा काय संबंध? मला जो गळा हवा होता तो खापर गावात राहतो आणि आमच्याच भावकीतला आहे.

त्यांचं नाव छापत नाही. वडिलांचे चुलतभाऊ, म्हणून काका. खापरच्या बाजारात त्यांचं दुकान आहे, आसपासच्या सगळ्या डोंगराला माल तिथून जातो. सुभाषभाऊ माझ्याहून मोठा. तापीकाठच्या केळीत त्याचं मन कधी रमलं नाही, म्हणून वडिलांनी त्याला काकांच्या हाती सोपवलं. काकांनी जीप घेऊन दिली आणि भाऊ खापरहून मोलगीकडच्या गावांना सवाऱ्या नेऊ लागला. घरी अहिराणी, सवाऱ्यांशी भिली, सीमेपलीकडे गुजराती आणि पोलिसांशी शाळेतली मराठी... हे सगळं एका तोंडात मावायचं, आणि वरून थट्टा. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. फाटकाशी जीप थांबवून तो हॉर्न वाजवायचा, सीताफळांचं पोतं उतरवायचा आणि माझ्या विद्यार्थ्यांना विचारायचा, तुमची मास्तरीण बाई घरात जशी रागावते तशी इथेही रागावते का.

काका रोज सकाळी जीपच्या आरशाला पुड्यांची एक माळ अडकवून द्यायचे. फुकट. घाटात डोळा लागू नये म्हणून, पुतण्यावरच्या मायेपोटी. परतफेडीत जीपच्या टपावरून काकांची पोती डोंगरातल्या दुकानांत जायची. एकदा मी ती माळ तोडून गटारात टाकली. भाऊ हसला. म्हणाला, "बाई, तू पेशी शिकाड, माले गाडी चालाडू दे." दुसऱ्या दिवशी आरशाला नवी माळ होती. काकांनी ती जरा लांबच दिली होती, असं त्यानेच मला हसत हसत सांगितलं.

मग एका वर्षी त्याने ठेचा सोडला. ज्या घरात दोन्ही वेळच्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा असतो आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की बायकांना धन्य वाटतं, त्या घरात हा माणूस भातावर दूध ओतून घेऊ लागला. माय खूश. आमच्या भागात सत्संगाला लागलेली माणसं तिखट-मसाला सोडतात, तिला वाटलं लेकाला सुबुद्धी झाली. शेजारणी म्हणाल्या, सुभाषने कंठी घातली वाटतं. सगळं घर त्याला भगत म्हणून चिडवू लागलं आणि तोही हात जोडून आशीर्वाद देऊ लागला. तोंड जळत होतं त्याचं! मिरचीचा कण लागला तरी आग होत होती, गाल आतून ताठ झाले होते, भाकरीचा मोठा घास आत जात नव्हता. आणि आम्ही तिकडे त्याची भक्ती बघत बसलो.

गालाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्याला सुरतला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी जीवशास्त्राची आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट बसवून सांगितलं. बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरायचं असतं. शरीराची ती शिस्तच आहे, आणि तसा हुकूम देणारे जीन प्रत्येक पेशीत असतात. वर्षानुवर्षं गालात तंबाखू-सुपारी ठेवली की काही वेळा हे जीन तुटत नाहीत, त्यांचं एक अक्षरही बदलत नाही, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटत जातात आणि ते गप्प होतात. मग हुकूम सुटत नाही. मरायला हवी ती पेशी जगते, वाढते, आणि सगळं घर खाते. मी विचारलं, त्या खुणा पुसता येतात का. त्या म्हणाल्या, शोध चालू आहे, भाऊच्या उपयोगाचं आज काही नाही.

मी हे भाऊला अहिराणीत समजावलं. अर्धा जबडा काढलेला, नाकात नळी, तरी त्याला सगळं कळायला हवं असायचं. लाळ पुसत, शब्द चावत तो म्हणाला, "म्हंजे तिले मरानं याद ऱ्हायनं नही का?"

मी म्हटलं, "याद शे भाऊ. पन तोंड बांधेल शे तिन्हं."

त्याने पुन्हा लाळ पुसली. मग म्हणाला, "कोनी बांधं?"

मी काकांचं नाव घेतलं. अगदी मोठ्याने घेतलं, वॉर्डातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. भाऊने मान हलवली... "पोती ते मीच पोचाडेल शेतस ना," एवढंच बोलला आणि डोळे मिटले. डोंगरातल्या किती तोंडांचा तो हिशेब करत होता, मला माहीत नाही. त्याने स्वतःला त्या हिशेबात घेतलं म्हणून काका त्यातून सुटतात, असं मात्र मी मानत नाही.

तोंड पुन्हा उघडावं म्हणून त्याला व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, रोज एखादी वाढवायची. घरी आल्यावर तो खिडकीत बसून हेच करायचा. स्टीलच्या पेल्यात काड्या, मांडीवर टॉवेल, डोळ्यांतून पाणी. कधी एक काडी जास्त गेली की मला हाताने खुणावून दाखवायचा. शेवटी शेवटी काड्या कमी होत गेल्या, पण पेला त्याने खिडकीतून हलवू दिला नाही.

आमच्याकडे मयताच्या दारावर माणसं भेटायला येतात तेव्हा त्यांच्यापुढे ताट फिरतं. तंबाखू, चुना, सुपारी, बिड्या. तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या दारातही ते फिरलं, आणि कुणाला काही वाटलं नाही! एक म्हातारबाबा तंबाखू मळता मळता म्हणाले, फार वाईट रोग. ताटातला माल काकांनी आणला होता, भावकीचं कर्तव्य म्हणून, पिशवीभर. दशक्रियेच्या दिवशी मी ते ताट आत नेलं, चुलीत रिकामं केलं, आणि त्यात भाऊच्या नाकातली नळी, तिच्यातून दूध सोडायची पिचकारी आणि काड्यांचा पेला ठेवून थेट काकांसमोर धरलं. म्हटलं, घ्या काका, भाऊचं रोजचं ताट हेच होतं.

काकांनी ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी काय त्याले बळजबरी कयी व्हती का, बेटा?" ते बोलत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ जेमतेम विलग होत होते, शब्द फटीतून येत होते. जेवणाच्या पंगतीत त्यांनी भाजी बाजूला सारली आणि वहिनीला हाक मारून भातावर दूध मागितलं.

मला आनंद झाला. लपवत नाही, छाती भरून आनंद झाला. त्या पंगतीत एवढं कळणारी मी एकटी होते आणि मी मुकाट्याने वाढत राहिले. म्हटलं, आता तुमची पाळी. तुमच्या घरचेही तुम्हाला भगत म्हणू देत. एवढे आठवडे मी हा आनंद जपला. झोपताना त्यांचा दूधभात आठवायचा आणि बरं वाटायचं... पण मग खिडकीतून भाऊ विचारायचा, कोनी बांधं? काकांच्या बाबतीत त्याला सांगायला माझ्याकडे एकच नाव होतं, आणि ते माझं होतं, कारण सगळं कळूनही मी तोंड बांधून बसले होते. तोंड बांधणाऱ्यांच्या यादीत काकांशेजारी माझं नाव जावं, एवढी मी स्वस्त नाही.

तर काका, मी हे लिहितेय ती पेपरची रविवारची पुरवणी तुम्ही गल्ल्यावर बसून वाचता आणि सोमवारी तिच्यातच सुपारी बांधून देता, मला ठाऊक आहे. हे पान फाडण्याआधी आरशासमोर उभे राहा. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. जात नसतील, तर दुकानाला कुलूप लावा आणि त्याच दिवशी सुरत गाठा. तुमचं कदाचित अजून वेळेत असेल. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुम्ही मरून सुटावं अशी माझी इच्छा नाही. तुम्ही जगा, खूप जगा, आणि दर वर्षी भाऊच्या श्राद्धाला आमच्या पंगतीत बसा, मी स्वतः वाढेन. वहिनी खिडकीतला पेला काढून ठेवू म्हणत होती, मी नको म्हटलं. काड्या उकळून, उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. तुमच्यासाठी.