दामूआप्पांचं ‘आत्ताच’

“आत्ताच पडलोय म्हणलं की. किती बारी इचारणार, बाई? कान भाड्यानं दिलेत का?” दौंडच्या एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आमचे दामूआप्पा खाटेवर बसून ओरडत होते आणि शेजारच्यांच्या सलाईनचे थेंब बाटलीतच थांबून ऐकत होते. समोर एक तरुण डॉक्टरीणबाई. बाजूला आप्पांच्या चपला हातात धरून त्यांची बायको, सुमनवहिनी. आणि दाराशी मी... त्यांचा धाकटा चुलतभाऊ, चौदा वर्षांपासूनचा वैरी आणि त्या दिवसापुरता ड्रायव्हर. आप्पांना जाऊन आता सात आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीकडून निरोप आला, चार चांगले शब्द लिहा. चार काही सापडले नाहीत. सापडले ते लिहितो.

आवाज हीच त्यांची खरी इस्टेट. आमच्या न्हावऱ्यात त्यांनी बैलाला हाक मारली की तिकडं वडगाव रासाईत भीमेकाठच्या म्हशी पान्हा चोरायच्या. शिरूरच्या एकाही डॉक्टरशी त्यांचं भांडण व्हायचं राहिलं नव्हतं, म्हणून ते दवाखान्यासाठी नदी ओलांडून दौंडला जात. दौंडचेही त्यांनी निम्मे संपवत आणले होते. आमचं वैर विजेच्या डीपीचं. डीपी उभी त्यांच्या रानात आणि माझी मोटर तिच्यावर. फ्यूज गेला की मी बांधावर उभं राहून विचारायचं आणि त्यांनी दोन तास बहिरं व्हायचं. मी तिकडं पाय टाकला की ते कुत्रं सोडायचे, आणि कुत्रं दमलं की स्वतः भुंकायचे. आमच्या भांडणात वायरमनच्या दोन पिढ्या रिटायर झाल्या.

गावात कोणाला काही झालं की दवाखान्यात सोबतीला मात्र आप्पाच. त्यांचा नियम एकच, आणि तो त्यांनी अख्ख्या गावाला पाठ करून घेतला होता. “तिथं गेल्यावर ‘आत्ताच’ म्हणायचं. ‘परवा’ म्हणलं की ते म्हणत्यात, एवढं थांबलात तर उद्या ओपीडीला या.” एकाची आठ दिवसांची ठेच त्यांनी ‘आत्ताच’ म्हणून आत नेली होती, डॉक्टरांनी बघितली तेव्हा तिच्यावर खपली धरलेली. माझ्या आईचं पोट तीन दिवस दुखत होतं आणि मी तिला घेऊन शिरूरला बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो, तेव्हा याच माणसानं तिला माझ्या हातातून ओढून दौंडला नेलं, ‘आत्ताच’ म्हणून छप्पर उडेल एवढं ओरडून आत घातलं, आणि अपेंडिक्स फुटायच्या आत ती टेबलावर होती. आई वाचली. हे मी मान्य करतो, आनंदानं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी माझी मोटर बंद पाडली.

ते पडले कांद्याच्या चाळीवरून. वाऱ्यानं उचकटलेला पत्रा ठोकायला चढले होते. मी पलीकडं उसाला पाणी धरलं होतं. धप्प आवाज आला. बघतो तर आप्पा चाळीच्या पायाशी, डोकं दगडाला लागलेलं. मी दोन पावलं टाकली. तोवर ते उठून बसले आणि म्हणाले, “काय बघतो? उतरलोय.” मी माघारी वळलो. तो मंगळवार होता. गुरुवारी सकाळी सुमनवहिनी बांध ओलांडून आल्या. “भाऊजी, ह्यांचं डोकं दुखायचं थांबंना. पिकप काढता का?” काढली.

डॉक्टरीणबाईंनी आप्पांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बोट नाकाला लावायला सांगितलं, महिना कोणता ते विचारलं. आप्पांनी महिना सांगितला आणि वर सरपंचाचं नावही सांगितलं, शिवीसकट. मग बाईंनी नीट समजावलं. डोक्याला मार लागला की मेंदूतलं काहीतरी रक्तात उतरतं. ते आता रक्ताच्या तपासणीत मोजता येतं. ते वाढलेलं नसेल तर अशा साध्या मारासाठी स्कॅन लागत नाही. “पण पडल्यापासून काही तासांच्या आतच. नंतर ते रक्तातून निघून जातं, मग रिपोर्टवर भरवसा नाही, सरळ स्कॅनच करायचा. आणि आमचं मशीन बंद आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागेल. म्हणून परत परत विचारते.” आप्पा ओरडले ते यावर. वहिनी चपलांकडं बघत राहिल्या. बाई माझ्याकडं वळल्या. “तुम्ही सोबत आहात ना? कधी पडले हे?”

दुपारी एकला लाईट येणार होती. ऊस सुकत होता. पुण्याला जायचं म्हणजे दिवस गेला. आणि खरं लिहायचं तर आणखी एक... ज्यानं मला चौदा वर्षं गावासमोर खोटं पाडलं, त्याला मी कशाला सावरू, असंही मनात आलं.

“ते म्हणतात तेच,” मी म्हणालो.

रिपोर्ट स्वच्छ आला. पिकपमध्ये आप्पा नवरदेवासारखे बसले. “बघितलं? माझ्या डोक्यात त्यांना काय बी सापडलं न्हाई.” “ते गावाला ठाऊकच हाय,” मी म्हणालो. ते हसले, मीही हसलो. चौदा वर्षांत एकत्र हसलो ते तेवढंच. एकला लाईट आली आणि माझी मोटर चालू झाली. शनिवारी सकाळी चहा पिता पिता आप्पा बोलायचे थांबले. वहिनींना वाटलं, रुसले. पुण्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आत हळूहळू रक्त साठत गेलं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

दहावा झाल्यावर मी दौंडला भांडायला गेलो. आवाज आप्पांचाच उसना घेतला. तुमची तपासणी खोटी, तुम्ही माणूस मारला, असं बरंच काही बोललो. बाईंनी ऐकून घेतलं, केसपेपर काढला आणि माझ्यापुढं सरकवला. ‘आज सकाळी पडले, रुग्ण व नातेवाईक यांच्या सांगण्यावरून.’ नातेवाईक म्हणजे मी. “तपासणी तुम्ही सांगितलेल्या वेळेवर चालते,” त्या म्हणाल्या. मी तो कागद तिथंच ठेवून आलो, पण त्यावरचं अक्षर माझ्यासोबत घरी आलं.

परवा दुपारी वहिनी चाळीपाशी बसून सडके कांदे निवडत होत्या. आता डीपीकडं जाताना मला कोणी अडवत नाही. कुत्रंही शेपूट हलवतं, मेल्याला लाज नाही. मी वहिनींसमोर बसलो, दोन-चार कांदे निवडले आणि सांगून टाकलं. “वहिनी, मंगळवारी पडले ते मी बघितलं हुतं. तिथं बोललो न्हाई.”

वहिनींनी हातातला कांदा दाबून बघितला आणि बाजूला टाकला.

“मला बी ठाऊक हुतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोलाल म्हणून मी गप बसले.”